शंका-समाधान : पाँटून बोटीला कोणता प्रोपेलर लावावा?

मिनेसोटातील तळ्यांवरचा बर्फ वितळला की बोटींविषयीची पत्रे येऊ लागतात. या वेळी आलेली चारही पत्रे पाँटून बोटींच्या, म्हणजे बंद नळ्यांवर सपाट मंच बसवलेल्या बोटींच्या, आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेल्या) मोटारीच्या प्रोपेलरविषयी आहेत. तीन अमेरिकेतून आणि एक मालवण तालुक्यातील देवबागहून. उत्तरांचा पाया एकच असल्यामुळे पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे. बाकीच्या वाचकांनी आधी ते वाचावे, म्हणजे पुढची उत्तरे थोडक्यात देता येतील.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही २२ फुटी, दोन नळ्यांची एक वापरलेली पाँटून बोट घेतली. तिच्यावर ११५ अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक मोटार आहे. पुस्तिकेनुसार पूर्ण थ्रॉटलवर तिचे फेरे मिनिटाला ५,००० ते ६,००० यायला हवेत. गिअरचे प्रमाण २.०७ : १ (मोटारीच्या २.०७ फेऱ्यांना प्रोपेलरचा एक फेरा) असून सध्याचा प्रोपेलर ॲल्युमिनियमचा, तीन पात्यांचा आणि १५ पिचचा आहे. आम्ही दोघेच असलो की ५,४५० फेरे आणि जीपीएसवर ताशी २७ मैल वेग मिळतो. उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतात, मित्रमंडळी येतात आणि दहा जण बसले की फेरे ४,९०० वर अडतात, वेग २२ मैलांवर थांबतो आणि मोटार गुरगुरू लागते. दुकानदार म्हणतो, जास्त पिचचा प्रोपेलर घ्या, वेग वाढेल. शेजारी म्हणतात, चार पात्यांचा घ्या. कोणाचे ऐकावे? – एक वाचक, मिनेटोन्का (मिनेसोटा)

उत्तर : दुकानदाराचा सल्ला आपल्या बोटीला अगदी उलटा आहे, शेजाऱ्यांचा अर्धा बरोबर आहे. प्रोपेलर वेगाच्या आशेने निवडायचा नसतो. पूर्ण थ्रॉटलवर, आपला नेहमीचा भार घेऊन, मोटारीचे फेरे निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत आणि शक्यतो तिच्या वरच्या अर्ध्या भागात आले पाहिजेत, ही खरी कसोटी. आपले ४,९०० फेरे मर्यादेच्या खालीच आहेत. मोटारीची पूर्ण ताकद वरच्या फेऱ्यांवर मिळत असल्याने दहा जण बसलेले असताना आपल्या ११५ अश्वशक्तीतला काही भाग पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय थ्रॉटल पूर्ण उघडलेला आणि फेरे मात्र दबलेले, अशा स्थितीत मोटार तासन्‌तास चालवली तर सिलिंडरमधली उष्णता वाढते, काजळी साचते आणि बेअरिंगांवर नको तितका ताण येतो. आपण ऐकता ती गुरगुर बहुधा त्याचीच आहे.

प्रोपेलरवर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू शिरावा तसा प्रोपेलर पाण्यात न घसरता फिरला, तर एका फेऱ्यात तो जितका पुढे जाईल ते अंतर म्हणजे पिच. पाण्यात तो घसरतोच, आणि या घसरणीला स्लिप म्हणतात. पिच वाढवली की प्रत्येक फेऱ्याला मोटारीवरचा भार वाढतो आणि फेरे उतरतात. पिच कमी केली की ते चढतात. एक इंचामागे साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. दुकानदाराचे ऐकून आपण १७ पिचचा प्रोपेलर लावला, तर ४,९०० फेऱ्यांचे सुमारे ४,५५० होतील आणि आधीच दमलेली मोटार आणखी दमेल. वजनाने हलक्या, वेगवान बोटीवर जास्त पिच वेग देते हे खरे, पण तिथे मोटारीकडे फेरे शिल्लक असतात. आपल्याकडे ते नाहीत.

वेगाचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. मिनिटाच्या फेऱ्यांना पिचने गुणावे, गिअरच्या प्रमाणाने भागावे आणि आलेल्या उत्तराला पुन्हा १,०५६ ने भागावे, म्हणजे स्लिप नसताना मिळाला असता तो वेग ताशी मैलांत येतो. (एका मैलात ६३,३६० इंच असतात, त्याला तासातल्या ६० मिनिटांनी भागले की १,०५६ येतात.) आपण दोघेच असताना हा कागदी वेग ३७.४ मैल येतो आणि प्रत्यक्ष वेग २७ आहे, म्हणजे स्लिप सुमारे २८ टक्के. दहा जण असताना कागदी वेग ३३.६ आणि प्रत्यक्ष २२, म्हणजे स्लिप जवळपास ३५ टक्के. पाँटून बोटीला २० ते ३० टक्के स्लिप असण्यात नवल नाही, पण ३५ टक्के जास्त आहे. आता १३ पिचचा प्रोपेलर धरा. फेरे ५,२५० च्या आसपास चढतील आणि कागदी वेग ३१.२ होईल. तो आधीपेक्षा कमी दिसतो. पण मोटार मोकळी झाल्यामुळे स्लिप २८ टक्क्यांपर्यंत उतरली, तरी प्रत्यक्ष वेग साडेबावीस मैल राहतो. म्हणजे भारासह वेग घटत नाही, झालाच तर किंचित वाढतो, आणि मोटार तिच्या मर्यादेत येते. दोघेच असताना फेरे ५,८०० पर्यंत जातील. तेही ६,००० च्या आत आहेत.

कोणी ११ पिचही सुचवेल. त्याने दहा जणांसह ५,६०० फेरे मिळतील, जे आदर्श वाटतात. पण दोघेच असताना मोटार ६,१०० च्या पुढे जाऊ पाहील आणि फेरे-मर्यादक तिला वारंवार अडवू लागेल. वर्षातले बहुतेक दिवस बोट भरलेलीच असेल तर थ्रॉटल थोडा आवरून हेही चालवता येते. आपल्या पत्रावरून मात्र भार सतत बदलता दिसतो, म्हणून १३ पिचने सुरुवात करावी, असे आमचे मत आहे. व्यासाची वेगळी चिंता करू नये. आपल्या गिअरकेससाठी (मोटारीच्या खालच्या टोकाच्या गिअरच्या पेटीसाठी) निर्मात्याने दिलेल्या यादीत कमी पिचला योग्य तो, बहुधा थोडा मोठा, व्यास जोडलेलाच असतो, आणि जड बोटीला मोठा व्यास मानवतोही.

पाँटूनला भार इतका का जाणवतो, हे समजले तर पुढचे निर्णय सोपे होतात. आपल्याच राज्यातील रिचमंड गावाजवळच्या अँब्रोज वीर्स या शेतकऱ्याने १९५२ मध्ये लोखंडी पिंपे एकापुढे एक जोडून त्यांच्या दोन रांगांवर लाकडी फळ्यांचा मंच बसवला आणि या प्रकारच्या बोटीचा जन्म झाला. आज पिंपांच्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या असल्या तरी मूळ कल्पना तीच आहे: वजन स्थिरपणे तोलून धरणे. गोल तळाच्या दोन नळ्या पाण्यातून वर उचलल्या जात नाहीत, त्या पाणी कापतच जातात. माणसे वाढली की नळ्या खोल बुडतात, ओला पृष्ठभाग वाढतो आणि त्याबरोबर विरोधही वाढतो. त्यात पाहुण्यांना पुढच्या सोफ्यावर बसायची हौस असते. पुढचे टोक दबले की फेरे आणखी उतरतात. सात-आठ जणांना मधल्या आणि मागच्या भागात बसवून एकदा चाचणी घ्या. फरक दिसेल, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

चार पात्यांविषयी शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे बरोबर असे म्हटले, कारण चार पाती बोटीला वेग देत नाहीत. पाण्यावरची पकड देतात. तेवढ्याच पिचच्या तीन पात्यांच्या तुलनेत फेरे ५० ते १५० ने उतरतात. मात्र कंप कमी होतो, वळणावर पकड सुटत नाही, कमी वेगात बोट एका लयीत चालते आणि उलट्या गिअरमध्ये ती लवकर थांबते. पाँटून बोट उंच आणि चपटी असल्याने वारा तिला सहज ढकलतो, आणि आडव्या वाऱ्यात धक्क्याला लावताना उलट्या गिअरची ही पकड फार मोलाची ठरते. म्हणून १३ पिचचाच चार पात्यांचा प्रोपेलर मिळाला तर तो आम्ही पसंत करू: दहा जणांसह सुमारे ५,१५० आणि दोघांसह सुमारे ५,७०० फेरे, असा अंदाज आहे. १५ पिच कायम ठेवून फक्त पात्यांची संख्या वाढवली, तर मात्र आजचे दुखणे वाढेल.

प्रोपेलर विकत घेण्यापूर्वी बाकीच्या शक्यता तपासाव्यात. बोट उन्हाळाभर पाण्यातच राहत असेल तर नळ्यांवर शेवाळ आणि झेब्रा शिंपले बसतात, आणि नुसत्या त्या खडबडीतपणाने काही मैल वेग जातो. एखाद्या नळीच्या जोडाला चीर पडून आत पाणी शिरले असेल तर आपण नकळत मोठे वजन वाहत असता. बोट ट्रेलरवर असताना नळीवर बोटाने वाजवून पाहिले तर पाण्याची पातळी आवाजावरून कळते. जुन्या पद्धतीच्या टॅकोमीटरच्या (फेरे दाखवणाऱ्या काट्याच्या) मागे मोटारीच्या प्रकारानुसार लावायचा एक छोटा खटका असतो. तो चुकीच्या जागी असला तर फेऱ्यांचा आकडाच खोटा येतो. सध्याच्या प्रोपेलरच्या पात्यांच्या कडा झिजलेल्या किंवा वाकलेल्या असतील, तर वरचा सगळा हिशेब थोडा ढळतो, हेही ध्यानात ठेवावे.

चाचणी घेताना टाकी भरलेली आणि माणसे नेहमीइतकी असावीत. शांत पाण्यात पूर्ण थ्रॉटल देऊन मोटारीचा ट्रिम (मोटार बोटीच्या मागे जितकी कललेली असते तो कोन) हळूहळू बाहेर काढावा. फेरे एकदम उसळले की किंचित आत घ्यावा आणि तिथले फेरे व जीपीएसचा वेग टिपून ठेवावा. मग उलट दिशेने तेच करावे, म्हणजे वाऱ्याचा परिणाम वजा होतो. काही विक्रेते ओरखडा न पडलेला प्रोपेलर बदलून देतात. तशी सोय आहे का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे. बोट दुसऱ्या तळ्यावर नेणार असाल तर मिनेसोटाच्या नियमानुसार झाडपाला काढून, पाणी निथळवून आणि निचऱ्याचे बूच काढूनच ती रस्त्यावर आणता येते.

प्रश्न : आमची पाँटून बोट डेन्व्हरजवळच्या चॅटफील्ड जलाशयावर व्यवस्थित चालते, पूर्ण थ्रॉटलवर ५,६०० फेरे मिळतात. तीच बोट डिलन जलाशयावर नेली की ५,४०० च्या आतच राहते. मोटारीत इंधनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे, मग उंचीचा त्रास का व्हावा? – एक वाचक, कोलोरॅडो

उत्तर : इलेक्ट्रॉनिक नियंत्रण हवेच्या प्रमाणात इंधन कमी करते, त्यामुळे मिश्रण बिघडत नाही आणि मोटार धूर ओकत नाही. पण जी हवाच विरळ आहे ती ते दाट करू शकत नाही. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या मोटारीची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्क्यांनी घटते. चॅटफील्ड सुमारे ५,४०० फुटांवर आणि डिलन सुमारे ९,००० फुटांवर आहे, म्हणजे या दोन तळ्यांत जवळपास ११ टक्के ताकद जाते. प्रोपेलर फिरवायला लागणारी ताकद स्थूलमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ताकद ११ टक्क्यांनी घटली तरी फेरे ४ टक्क्यांच्या आसपासच घटतात. आपल्याला दिसणारा दोनशे-सव्वादोनशे फेऱ्यांचा फरक यात नेमका बसतो. मोटारीत बिघाड नाही. एक इंच कमी पिचचा प्रोपेलर लावला की फेरे जागेवर येतील. गेलेली ताकद मात्र त्याने परत मिळत नाही, एवढे समजून असावे.

समुद्रसपाटीजवळच्या राज्यातून डिलनला बोट आणणाऱ्यांना हाच फरक दोन ते तीन इंचांचा पडतो. आपल्याला दोन्ही तळी आवडत असतील तर दोन प्रोपेलर बाळगणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. बदलताना मोटार न्यूट्रलमध्ये ठेवून किल्ली आणि सुरक्षा-दोरी काढून घ्यावी, आणि नट सोडवताना पाते हाताने मुळीच धरू नये. पाते आणि वरची आडवी पट्टी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवावा. दांड्याच्या खाचांना पाण्यात टिकणारे ग्रीस लावावे आणि आतल्या बाजूची जाड चकती जशी निघाली तशीच परत बसवावी. ती विसरली किंवा उलटी बसली तर गिअरकेसचे नुकसान होते.

प्रश्न : जॉर्जियातील लेक लॅनियरवर आमची तीन नळ्यांची, १५० अश्वशक्तीची पाँटून बोट आहे. जोरात वळलो की मोटार किंचाळते आणि बोट मंदावते. हबचे (प्रोपेलर दांड्यावर बसतो त्या मधल्या भागाचे) रबर गेले असावे, असे मेकॅनिक म्हणतो. त्याच खर्चात स्टेनलेस स्टीलचा प्रोपेलर घेऊन टाकावा का? – एक वाचक, अटलांटा परिसर

उत्तर : फक्त वळणावरच होत असेल तर हबवर संशय घेण्याचे कारण नाही. वळताना बोट कलते, नळ्यांमधले फेसाळ पाणी आणि पृष्ठभागावरची हवा पात्यांपर्यंत ओढली जाते आणि प्रोपेलरला धरायला घट्ट पाणी उरत नाही. मोटार जास्त उंच बसवलेली असणे किंवा ट्रिम बाहेर ठेवूनच वळणे, ही नेहमीची कारणे आहेत. हब घसरत असेल तर सरळ जातानाही, थ्रॉटल दाबताच, आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही. खात्री करायची तर प्रोपेलरच्या मागच्या तोंडाशी आतल्या धातूच्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी आणि चक्कर मारून यावे. रेघ तुटलेली दिसली तर मेकॅनिक बरोबर. अखंड असेल तर खर्च वाचला. हबचे रबर किंवा प्लास्टिकची बाही बऱ्याच प्रोपेलरमध्ये बदलता येते, त्यासाठी सगळा प्रोपेलर टाकावा लागत नाही.

स्टेनलेस स्टीलची पाती पातळ असूनही वाकत नाहीत, म्हणून तीन नळ्या आणि १५० अश्वशक्तीच्या बोटीला त्याचा उपयोग होतो. दोन नळ्यांच्या संथ बोटीला फारसा नाही. पात्याच्या मागच्या कडेला बारीक वळकटी दिलेला, चार पात्यांचा स्टेनलेस प्रोपेलर आपल्या वळणाच्या तक्रारीवरही चांगला उपाय ठरेल. अडचण तळ्याची आहे. बुफर्ड धरणाच्या या जलाशयात पाणी उतरले की खडकाळ उथळ जागा वर येतात. ॲल्युमिनियमचे पाते आपटले तर ते वाकते आणि धक्क्याचा बराच भाग स्वतः सोसते. स्टीलचे पाते शाबूत राहते आणि धक्का हबवर व पुढे गिअरकेसवर जातो. हब त्यासाठीच असतो, पण प्रत्येक वेळी तो वाचवेलच असे नाही. चिन्हांकित खोल मार्ग सोडून किनाऱ्याच्या खोबणींत शिरण्याची सवय असेल तर आम्ही ॲल्युमिनियमच ठेवू. कोणताही लावला तरी जुना प्रोपेलर, एक पाना आणि जादा नट-पिन बोटीत असू द्यावी.

प्रश्न : देवबागच्या संगमावर आम्ही पर्यटकांसाठी दोन नळ्यांची मंचाची बोट चालवतो. मशीन २५ अश्वशक्तीचे आहे. वाळूमुळे पंखा (प्रोपेलर) दर हंगामात झिजतो. फेरे दाखवणारा काटा नाही. दुकानदार देईल तो पंखा लावतो. माणसे भरली की मशीन ओढत नाही. काय करावे? – एक वाचक, ता. मालवण

उत्तर : काट्याशिवाय पंखा निवडणे हा अंदाजाचा खेळ आहे, आणि तो थांबवणे अवघड नाही. स्पार्क प्लगच्या जाड वायरीभोवती एक बारीक तार गुंडाळून फेरे दाखवणारे छोटे डिजिटल मीटर मिळतात. पंख्याच्या तुलनेत त्यांची किंमत किरकोळ आहे. मीटरवर प्लगच्या ठिणग्यांचे प्रमाण आपल्या मशीनप्रमाणे लावून घ्यावे, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो. पुस्तिकेतली मर्यादा पाहावी, परवानगीइतकी माणसे बसवावीत आणि भरतीच्या खोल पाण्यात पूर्ण थ्रॉटलवर फेरे टिपावेत. मर्यादेच्या खाली येत असतील, आणि आपल्या वर्णनावरून येत असावेत, तर कमी पिचचा पंखा मागावा. दुकानात येणारे पंखे बहुतेक हलक्या मासेमारी होड्यांच्या हिशेबाने ठेवलेले असतात. मंचाच्या बोटीला त्यांची पिच जास्त पडते. पुढे कधी नवे मशीन घ्याल तेव्हा ‘हाय थ्रस्ट’ प्रकारचे पाहावे. त्यात गिअरचे प्रमाण मोठे असते, म्हणून पंखा हळू फिरतो, मोठ्या व्यासाचा लावता येतो आणि संथ, जड बोट चांगली ओढली जाते.

वाळूला उपाय निम्मा सवयीचा आहे. ओहोटीला उथळ जागी मशीन किंचित वर उचलून अगदी हळू चालवावे आणि शेवटचे काही हात वल्ह्याने किंवा काठीने काढावेत. उथळात उलटा गिअर टाकला तर वाळू थेट पंख्यावर आणि थंड पाण्याच्या पंपात ओढली जाते. झिजलेल्या कडा कानशीने साफ करता येतात, पण तिन्ही पात्यांवरून सारखेच द्रव्य निघाले पाहिजे. एका पात्याचा आकार कमी झाला की कंप सुरू होतो आणि तो दांड्याच्या सीलपर्यंत पोहोचतो. अशा पाण्यात स्टीलचा पंखा जास्त टिकेल, परंतु खाऱ्या पाण्यात स्टीलशेजारचे ॲल्युमिनियमचे गिअरकेस लवकर खाल्ले जाते. तसा पंखा लावलात तर जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा ॲनोड (गिअरकेसऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) वेळच्या वेळी बदलावा लागेल आणि त्याला रंग लावून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी संगमावर जाळी असतात म्हणून लिहितो. दर काही दिवसांनी पंखा काढून दांड्याभोवती जाळ्याचे नायलॉनचे धागे गुंडाळले गेले आहेत का ते पाहावे. ते सील कापतात, गिअरकेसमध्ये पाणी शिरते आणि तेल दुधाळ होते. तेल दुधाळ दिसले तर नुसते तेल बदलून बोट पाण्यात ढकलू नये. आधी सील बदलून घ्यावे.